समक्ष हजर असलेला इसम

विषय : चि. बेंजामिन सॅमसन वाक्रूळकर, रा. प्रताप नगर, नागपूर, यांच्या मृत्यूची नोंद चुकीने झाली असल्याने ती रद्द होऊन मिळणेबाबत.

संदर्भ : १) मृत्यूचा दाखला. २) अर्जदाराचा विनंती अर्ज. ३) आपल्या खिडकीवरील तोंडी सूचना, वेळोवेळी.

उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, ज्यांच्या नावे संदर्भ क्र. १ चा दाखला निर्गमित झाला आहे, ते सध्या अर्जदाराच्या घरी मागील खोलीत झोपलेले आहेत.

शेवटचं वाक्य मी कच्च्या अर्जात असंच लिहिलं होतं. पक्क्या अर्जात ‘झोपलेले’ खोडून ‘वास्तव्यास’ केलं. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला अर्ज लिहिता येतो, दुसरं फारसं काही येत नाही. अर्जाला समास असतो आणि समासात लिहायचं नसतं. जे समासात गेलं, ते इथे लिहितो आहे.

१

बेनी माझा एकुलता एक मुलगा. त्याची आई रिबका तो शाळेत असतानाच गेली. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. मूळचे कोकणातले, आजोबांच्या रेल्वेच्या नोकरीने नागपुरात आलेले. इथे कोणाला सांगितलं की आम्ही ज्यू, तर तो क्षणभर विचार करतो आणि म्हणतो, “म्हणजे ख्रिश्चनच ना?” मी हो म्हणतो. निवृत्तीनंतर वाद घालायला भत्ता मिळत नाही.

बेनी कीटकनाशकांचा विक्री प्रतिनिधी होता. भिवापूरच्या बाजूला मिरचीवाल्यांकडे फिरायचा. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी नोकरी सोडायची म्हणून आमची थोडी बोलाचाली झाली आणि तो बॅग घेऊन गेला तो परत आला नाही. फोन बंद. मग त्या बाजूच्या पोलिसांचा फोन आला. कालव्यात एक देह सापडला होता. हा कालवा पाणी सुटण्याच्या कितीतरी आधीपासून मी फायलींमध्ये वाहता ठेवला होता.

चेहरा ओळखण्याजोगा राहिला नव्हता. मी ओळखला तो शर्ट. इतवारीत कापड घेताना मी एकाच ताग्यातून दोन शर्टांचं घेतो, एक त्याला, एक मला. स्वस्त पडतं. फिकट निळ्यावर बारीक पांढरी रेघ. तो शर्ट प्लास्टिकच्या पिशवीतून माझ्यासमोर धरला, तेव्हा मी त्याच कापडाचा शर्ट घालून उभा होतो. हवालदाराने एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही. पंचनाम्यात सुंतेची नोंद होती. त्यावरून त्यांनी आधी जवळच्या मशिदीत विचारपूस केली होती. तिथलं कोणी हरवलेलं नव्हतं.

स्मशानभूमीच्या मागच्या भिंतीलगत आमच्या लोकांसाठी थोडी जागा सोडलेली आहे. तिथे त्याला पुरलं आणि मी केरिया केली.

केरिया म्हणजे कपडा फाडणं. हा आमच्या सुतकाचा कायदा आहे आणि कायद्यासारखाच बारकाईने लिहिलेला आहे. फाडताना उभं राहायचं. कोणीतरी ब्लेडने सुरुवात करून देतो, पुढचं आपल्या हाताने, मुठीच्या रुंदीएवढं. मूल, भावंड, नवरा किंवा बायको गेली तर उजवी बाजू. आई किंवा बाप गेला तर डावी, काळजावरची. उजवीकडचं तीस दिवसांनी शिवता येतं. डावीकडचं वरवर टाचता येतं, पण पूर्ववत कधीच करायचं नसतं. म्हणजे बाप गेला तर कपडा जन्मभर फाटका आणि मुलगा गेला तर महिन्याने शिंप्याकडे. माझ्या टेबलावर हा मसुदा आला असता तर मी शेरा मारला असता : ‘बाजूंची अदलाबदल झालेली दिसते, तपासून फेरसादर करावे.’

फाडताना म्हणायचं असतं, ‘खरा न्याय करणाऱ्याचा गौरव असो.’ ऐकणाऱ्यांनी आमेन म्हणायचं. निळा शर्ट मी उजवीकडून फाडला. कापड नवं होतं, सहज फाटेना. आवाज मात्र मोठा झाला.

सात दिवस घरात बुटक्या पाटावर बसलो. आरसे झाकले होते. सुतकी माणसाने पहिलं जेवण दुसऱ्याच्या घरचं खायचं, त्यात उकडलेली अंडी आणि अख्खा मसूर असतो. शेजारच्या प्रेमिलाताईंनी विचारून विचारून तसंच करून दिलं. पुढेही सातही दिवस त्यांचा डबा आला. महिना झाल्यावर इतवारीत भैयाजी नावाच्या रफूगराकडून शर्ट रफू करून आणला. काम असं होतं की बोट फिरवलं तरी जागा सापडू नये. तो मी कपाटात ठेवला.

२

संक्रांतीच्या सुमाराला, सकाळी अकराच्या आसपास, फाटक वाजलं. प्रेमिलाताई अंगणात तीळ पाखडत होत्या. त्यांचाच आवाज आधी आला.

“अगं माय! बेनी! तू त मेला होता ना रे!”

“कोणी सांगितलं?” बेनीचाच आवाज.

“कोणी म्हणजे? सात दिवस डबे पोचवले म्या तुया बापाले! वापस कर आता ते!” असं म्हणून त्या रडायला लागल्या.

मी दारात उभा होतो. तो वाळला होता, दाढी वाढली होती, पायांत कोणाच्यातरी मोठ्या मापाच्या चपला होत्या. बसमध्ये बॅग गेली, मोबाईल गेला. तो छत्तीसगडच्या बाजूला निघून गेला, एका राइस मिलमध्ये काम धरलं, मग ताप आला. “तुमच्यावर राग होता पप्पा. मग राग गेला, पण कळवायची लाज वाटून राहिली होती.” बॅगेत निळा शर्ट होता. चोराने तो घातला असेल आणि चोर कालव्यात गेला असेल. प्रत्येक कडी दुसरीत नीट बसत होती. मी आयुष्यभर दौऱ्यांची बिलं तपासली आहेत. खोटं बिल मला कळतं. हे बिल खरं होतं.

मी त्याला मिठी मारली. त्याच्या टाळूवर डाव्या बाजूला भोवरा आहे, तो जागेवर होता. घसा खाकरायची सवय तीच. आठवड्याने आम्ही मलिदा केला. गोड पोहे, खोबरं, फळं समोर ठेवून देवाचे आभार मानतो, तो विधी. प्रेमिलाताईंनी दोनदा वाडगा भरून नेला आणि गल्लीभर सांगितलं की ज्यूंमध्ये माणूस मरून वापस येतो.

मग मी अर्ज केला. कारण बेनीला एका गोदामात नोकरी ठरत होती आणि मेलेल्या माणसाचं आधार कार्ड चालत नाही. नोंदणीच्या खिडकीवर दामिनी नावाची मुलगी बसते. तिने अर्ज दोनदा वाचला.

“काका, नावात दुरुस्ती आहे का?”

“नाही. माणसात आहे.”

“म्हणजे?”

“तो जिवंत आहे.”

तिने डोळे मिटून घेतले. “काका, माणूस मारायचा फॉर्म आहे माझ्याकडे. वापस आणायचा नाही आहे. साहेबांना विचारावं लागेल.”

बेनीला मात्र कसलीच घाई नव्हती. “राहू द्या ना पप्पा,” तो म्हणाला. “कागदच तर आहे.”

कागदच तर आहे, असं माझ्या घरात याआधी कोणी म्हटलं नव्हतं.

३

साहेबांनी भेटायला बोलावलं, म्हणून मी कपाटातून निळा शर्ट काढला. उजवीकडे, गळ्यापासून खाली, मुठीएवढा फाटलेला.

रफू सुटला असेल, असं म्हणून मी पांढरा घालून गेलो. साहेब म्हणाले, सुनावणी लावतो, आणि परतताना मी इतवारीत शिरलो. हातगाड्या, टेम्पो, भांड्यांच्या दुकानांतला खणखणाट यांच्यामधून वाट काढत भैयाजीच्या फळीपाशी पोचलो. त्याने शर्ट दिव्याखाली धरला.

“साहेब, कोणता साबण वापरता?”

“धुतलाच नाही. घातलाही नाही.”

“मंग उंदीर.”

“उंदीर सरळ रेषेत फाडतो का गा?”

“नागपूरचा उंदीर आहे साहेब, काही सांगता येत नाही.” तो हसला, पण कापड बोटांत चाळवत राहिला. “धागे कुठं गेले? रफू सुटला त धागे लटकतात. याले त सुईच लागली नाही वाटते.” मग स्वतःच्याच कामावर ठपका येतो असं वाटून त्याने विषय बदलला. “ठेवून जा. डबल करून देतो.”

डबल करून दिला. मी घरी आणून घडी न मोडता कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली खिशात. दोन दिवसांनी उघडला तर पुन्हा तसाच, कडा ताज्या, नुकत्याच हाताने ओढल्यासारख्या.

मला धार्मिक काळजी नव्हती. कायदा याबाबतीत स्पष्ट आहे : मृत्यूची बातमी खोटी निघाली तर त्या बातमीवर फाडलेलं, फाडलेलं धरतच नाहीत. ती केरिया नाही. तो नुसता फाटका शर्ट, आणि नुसता फाटका शर्ट केव्हाही शिवता येतो.

मी स्वतः सुईदोरा घेऊन बसलो. उसवणार नाही असे जाड टाके घातले. बेनी दारात येऊन उभा राहिला आणि पाहत राहिला. मी टाका घालताना अडखळलो की तोही श्वास रोखत होता.

“नाही राहणार ते पप्पा,” तो हळूच म्हणाला. आजारी माणसाला डॉक्टर सांगतात तसं.

४

उन्हाळा लागला. कूलर सुरू झाला की आमच्या घरात दुसरं काही ऐकू येत नाही. पण मधूनमधून मोटर क्षणभर दम घेते. त्या फटीत मला मागच्या खोलीतून कापड फाटल्याचा आवाज आला. पुन्हा काही दिवसांनी आला. आवाज दुपारचा, जेवणं झाल्यावर. एकदाच येई, मुठीएवढाच लांब.

मी स्वतःला सांगितलं, जुन्या घराची दारं, वाळ्याच्या ताट्या वाळताना तडकतात. ताट्या तडकतात हे खरंही आहे.

मग कवडू आला. कवडू आमचा प्रेसवाला, कोपऱ्यावर गाडी लावतो. गठ्ठा माझ्या हातात द्यायच्या आधीच बोलायला लागला.

“काका, म्या नाही फाडले हं. आधीच सांगून देतो.”

“काय नाही फाडले?”

त्याने गठ्ठा सोडला. बेनीचे शर्ट. एकूण एक. गळ्यापासून खाली, एकाच जागी.

“इथं,” कवडूने आपल्या छातीवर हात ठेवला. डाव्या बाजूला, काळजावर. “फॅशन आहे का जी? असंन त सांगा, मी बी फाडतो.”

मी त्याचे पैसे दिले आणि दार लावलं. शर्ट खुर्चीवर मांडले. आई किंवा बापासाठी कपडा फाडला आणि सात दिवसांत दुसरा घातला, तर तोही फाडावा लागतो, तिसरा घातला तर तिसराही. हा नियम फक्त आईबापांसाठी आहे. रिबकासाठी बेनीने त्या वेळी फाडलं होतं. शाळेच्या गणवेशाचा शर्ट होता. आईचं झालेलं आहे.

उरलो मी.

इथे वाचकाला जी शंका येईल ती मलाही आली, म्हणून सांगून टाकतो : मी जिवंत आहे. पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो मी बँकेत अंगठा ठेवून दिलेला आहे आणि बँकेने तो स्वीकारला आहे. कवडू माझ्याशी बोलतो, पैसे घेतो. म्हणजे घरात आम्ही दोघं. एकाकडे हयातीचा दाखला, एकाकडे मृत्यूचा. कागदोपत्री काहीच गोंधळ नाही. गोंधळ कागद उलटे करायचा अर्ज मी केल्यापासून आहे.

संध्याकाळी मी बेनीला विचारलं. “शर्ट का फाटतायत रे?”

“जुने आहेत. विरून राहिले.”

“सगळे डावीकडेच?”

तो खाली पाटावर बसला होता. त्या दिवसापर्यंत तो पाटावर का बसतो हे मी मनावर घेतलं नव्हतं. गरम होतं म्हणून फरशीजवळ बसत असेल असं धरून चाललो होतो.

“पप्पा, आईबापांचं उशिरा कळलं तरी फाडावं लागते ना? कितीही उशिरा?”

“हो,” मी म्हटलं. कायदा विचारला तर मी सांगतो, सवय आहे. “बाकीच्यांचं महिन्यानंतर कळलं तर नाही. आईबापांचं कधीही.”

“मग ठीक आहे,” तो म्हणाला, आणि चहाचा कप उचलून ठेवायला गेला.

५

प्रेमिलाताई फाटकाशी थांबल्या होत्या. नेहमी त्या सरळ आत येतात.

“भाऊ, एक गोष्ट विचारू का जी? राग नका मानू.”

“विचारा.”

“बेनी माह्याकडून अख्खा मसूर घेऊन गेला. वरून म्हणते, काकू, अंडे उकडून द्या. म्हटलं काहून रे, घरी गॅस नाही का? त म्हणते, घरचं नाही चालत.” त्यांनी पदर सारखा केला. “तुमच्यात हे कोणी गेल्यावरच खातेत ना? म्याच त बनवलं होतं तवा. म्हून विचारलं, कोणी गेलं का रे? त तो तुमच्या घराकडे पाहून राहिला होता. रडून राहिला होता जी.”

“तुम्ही काय केलं?”

“काय करणार? देल्ले अंडे. लेकरू रडून राहिलं त काय नाही म्हणू?” मग त्यांनी आवाज खाली आणला. “तुमची तब्येत बरी आहे ना भाऊ? बीपी-गिपी तपासून घ्या एकदा.”

मी तपासून घेतलं. माझ्या वयाच्या मानाने उत्तम आहे. डॉक्टर म्हणाले, शंभर वर्षं जगाल. सरकारी नोकर असते तर मी त्यांच्याकडून लेखी घेतलं असतं.

मी स्मशानभूमीतही जाऊन आलो. मागच्या भिंतीलगत त्याची जागा तशीच होती. दगड अजून बसवलेला नव्हता, नाव नव्हतं. माती कोरडी, एका ठिकाणी किंचित खचलेली, सगळीकडची खचते तशी. मी बराच वेळ उभा राहिलो. आत जो कोणी आहे तो परका, चोर, एका शर्टासाठी माझ्या घराण्यात पुरला गेलेला. मला त्याची दया यायला हवी होती. त्याऐवजी आठवलं ते असं की शवागारात मी त्याच्या पायाची नखं पाहिली होती आणि ती मला ओळखीची वाटली होती. बेनी करंगळीचं नख नेहमी वाकडं कापतो.

घरी आलो तेव्हा बेनी मोजे घालून बसला होता. एप्रिलमध्ये, नागपुरात, मोजे.

“पाय दाखव,” असं म्हणायला एक बाप लागतो. मी ते म्हटलं नाही, एवढंच विचारलं, “जेवलास?”

“तुमच्यासाठी थांबलो होतो,” तो म्हणाला.

६

त्या दुपारी वीज गेली. कूलरचं पातं फिरत फिरत थांबलं आणि घर एकदम मोठं झालं. रस्त्यावर कोणी नव्हतं. मी बैठकीत खाटेवर पडलो होतो. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, पूर्ण लागलेलं नव्हतं.

फाटल्याचा आवाज आला.

या खेपेला मी उठलो. चपला घातल्या नाहीत. हे चोरून पाहणं होतं आणि मी तसं स्वतःशी कबूलही केलं. पण माझ्या घरात माझ्या मुलाच्या खोलीत काय होतं हे मला माहीत असलं पाहिजे, एवढं मी स्वतःकडून मंजूर करून घेतलं.

फटीतून आधी पलंग दिसला. पलंगावर त्याचे शर्ट होते, सगळेच्या सगळे. कवडूने आणले होते तसे, घडी घातलेले, एकावर एक. कपाटाच्या आरशावर टॉवेल टाकलेला होता. खिडकीच्या उजेडात बेनी उभा होता, माझ्याकडे पाठ करून, सरळ, पाय जोडून, जसं उभं राहायचं असतं तसं. अंगात शर्ट नव्हता. बनियनही नव्हती. पाठीचा मणका अन् मणका मोजता येत होता. दोन्ही कोपरं वर उचललेली, हात पुढे, छातीपाशी.

मग कोपरं एकमेकांपासून लांब गेली, सावकाश, आणि तो आवाज झाला. नव्या कापडाचा होतो तसा, सहज न फाटणाऱ्या.

तो काय फाडत होता हे मला दिसलं नाही. त्याच्या पायाशी काही पडलं नाही. रक्त नव्हतं, हे मी मुद्दाम पाहिलं. पाठीवर फक्त एक बारीक शहारा वरून खाली गेला.

“खरा न्याय करणाऱ्याचा गौरव असो,” तो म्हणाला. स्वच्छ, शाळेत कविता म्हणायचा तसं.

आणि थांबला. मान किंचित कलती केली. कोणाचीतरी वाट पाहत असल्यासारखा.

“पप्पा,” वळून न पाहता म्हणाला, “आमेन म्हणा ना.”

हे वाक्य कानावर पडलं की आमेन म्हणायचं, ही मला बोलता यायला लागलं तेव्हापासूनची सवय आहे. जीभ टाळूला लागली होती. ‘आ’ निघालाही असेल. मी तोंडावर हात दाबला, उलट्या पावलांनी स्वयंपाकघरात आलो आणि चहाचं भांडं गॅसवर ठेवलं. साखर ओट्यावर सांडली. वीज आली. कूलर सुरू झाला आणि त्यानंतर काही ऐकू आलं नाही.

थोड्या वेळाने बेनी आला. शर्ट घातलेला होता, डावीकडे सेफ्टीपिन लावलेली. त्याने ओट्यावरची साखर ओल्या फडक्याने टिपली.

“तुम्ही बसा,” तो म्हणाला. “मी गाळतो.”

चहा चांगला झाला होता. तो नेहमीच चांगला करतो.

७

सुनावणीचं बोलावणं आलं. मुलगा समक्ष हजर करावा आणि वडिलांनी प्रतिज्ञापत्रावर सही करावी, म्हणजे नोंद रद्द होईल. बेनीने दाढी केली. मी म्हटलं, “नवा शर्ट घे.” तो म्हणाला, “हाच बरा आहे.” पिनेवर त्याने स्वेटर घातला. ऑटोवाल्याने आरशातून दोनदा पाहिलं. उन्हात स्वेटर घालणाऱ्याकडे कोणीही पाहील.

दामिनीने फाईल उघडली. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून तिने त्यावर आपला डबा ठेवला.

“हेच का बेंजामिनभाऊ?”

“हो मॅडम,” बेनी म्हणाला.

“बघा, किती त्रास दिला काकांना. मेले तर मेले, कळवायचं तरी.” ती हसली. बेनीही हसला. मग तिने प्रतिज्ञापत्र माझ्यापुढे सरकवलं. “काका, इथं. वाचून घ्या.”

वाचायची गरज नव्हती, मसुदा माझाच होता. ‘आज रोजी समक्ष हजर असलेला इसम हाच माझा मुलगा असून, दफन करण्यात आलेला देह त्याचा नव्हता, हे मी शपथेवर नमूद करतो.’ दोन विधानं, एक सही. मी इतर लोकांच्या अर्जांवर शेरा मारायचो, ‘दोन स्वतंत्र बाबी एकाच अर्जात मागू नयेत’. 

पेन उघडलं. बेनी माझ्या खांद्याशी उभा होता. त्याचा श्वास कानाला लागत होता. ऊन होता, चहाचा वास होता.

सही केली, तर भिंतीलगतच्या त्या मातीत जो वाकड्या नखाचा आहे त्याच्याशी माझा कायमचा संबंध तुटला. मग त्याच्यासाठी फाडणारं जगात कोणी नाही. आणि नाही केली, ‘हा माझा मुलगा नव्हे’ असं म्हटलं, तर? ते म्हणायला मला त्याच्याकडे वळून पाहावं लागलं असतं. मी पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता. डोळे भरलेले होते, पण चेहऱ्यावर घाई नव्हती. अंत्यसंस्काराला आलेले लोक घरच्यांना निवांत होऊ देतात, तसा तो मला निवांत होऊ देत होता.

“सावकाश, पप्पा,” तो म्हणाला. “मी आहे.”

दोन गोष्टी मला त्या वेळी ठाऊक होत्या. हा बेनी आहे. आणि मी बेनीला पुरलं आहे. यातली एकही मी शपथेवर खोटी म्हणू शकत नव्हतो.

“दामिनीबाई,” मी म्हटलं, “दाखल्याची मूळ प्रत घरीच राहिली.”

मूळ प्रत माझ्या पिशवीत होती. बेनीने ती सकाळी स्वतः ठेवली होती.

“काय काका! तुमच्यासारख्या माणसानं?” तिने डबा उचलला, फाईल बंद केली. “मूळ प्रतीशिवाय साहेब घेत नाहीत. पुढची तारीख देऊ?”

“तारीख नको. मी आणून देईन.”

“मग पेंडिंग ठेवू?”

“ठेवा.”

ती फाईल तिने मागच्या रॅकवर ठेवली. तो रॅक मी ओळखतो. प्रत्येक कार्यालयात असतो. तिथे गेलेलं प्रकरण मंजूर होत नाही, फेटाळलं जात नाही, आणि त्याच्यावर धूळ बसते तेवढंच काय ते होतं.

परतताना ऑटोत बेनीने माझा हात हातात घेतला. लहानपणी रस्ता ओलांडताना घ्यायचा तसा, दोन बोटंच धरून. त्याचा हात गरम होता. प्रताप नगरचं वळण आलं तेव्हा त्याने विचारलं, “रात्री काय करू?” मी म्हटलं, मसूर सोडून काहीही कर.

गोदामवाल्यांनी दुसरा माणूस घेतला. निळा शर्ट मी आता शिवत नाही. मागच्या खोलीचं दार दुपारी बंद असतं आणि मी कूलर मोठा ठेवतो.

मृत्यूची नोंद कायम आहे. मुलगा घरी आहे. अर्ज प्रलंबित आहे.